शुभ्र वस्त्रे आणि डीएसएलआरची निवड

भीमजयंती जवळ येताच आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : डीएसएलआर कॅमेरा कोणता घ्यावा? आमच्या मते याचे उत्तर मेगापिक्सेलच्या आकड्यात नाही. आपण कोणाचे आणि कोणत्या प्रकाशात छायाचित्र घेणार आहोत, यात ते आहे.

आपले कार्यक्रम बहुधा भाड्याच्या सभागृहात, मंद दिव्यांखाली होतात. तेथे बॉडीपेक्षा लेन्सचे महत्त्व अधिक. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण लांबवल्यावर साधारणतः एफ 5.6 एवढीच उघडते. 50 मिलिमीटर एफ 1.8 ही तुलनेने स्वस्त लेन्स तिच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. ए4 आकाराच्या उत्तम छपाईस सुमारे 9 मेगापिक्सेल पुरतात. म्हणून उरलेला पैसा लेन्सवर खर्चावा.

दुसरा मुद्दा आपल्या शुभ्र वस्त्रांचा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंनी पांढऱ्या वस्त्रांत धम्मदीक्षा घेतली. ती परंपरा आपण परदेशातही जपतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मात्र समोरचे दृश्य सरासरीने करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरतो. पांढऱ्या साड्या-सदऱ्यांची सभा त्यास अतिप्रकाशित भासते व तो प्रकाश घटवतो. परिणामी वस्त्रे मळकट आणि सावळे चेहरे काळवंडलेले दिसतात. दोष चेहऱ्यांचा नसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एकच्या आसपास ठेवावे आणि रॉ स्वरूपात चित्रण करावे. ही सोय हाताशी सहज येते का, हे दुकानातच पाहावे.

फिल्मच्या काळी कोडॅकने प्रयोगशाळांना पुरवलेल्या ‘शर्ली कार्डां’वर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे आणि त्यावरून रंग जुळवले जात. यंत्र भेदभाव करत नाही, असे आपण म्हणतो. परंतु यंत्राचे प्रमाण माणसेच ठरवतात. म्हणून ते समजून घेणे आपले काम आहे.

कॅनन आणि निकॉन यांचा भर आता मिररलेस कॅमेऱ्यांवर असल्याने वापरलेले डीएसएलआर माफक किमतीत मिळतात. घेताना शटर किती वेळा उघडले आहे, हे विचारावे. निकॉन डी3500 किंवा डी5600 यांच्या बॉडीत फोकस मोटर नाही. त्यांना एएफ-एस अथवा एएफ-पी लेन्स लागते. आरशाचा खटका वंदनेच्या शांततेत खटकतो, तेव्हा ‘क्वाएट’ शटरची सोयही तपासावी.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील कित्येकांचे एकही छायाचित्र उरलेले नाही. या जयंतीला प्रथम ज्येष्ठांची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकाचे नाव, मूळ गाव आणि या देशात आल्याचे वर्ष सोबत नोंदवावे व दोन ठिकाणी जतन करावे. उद्याच्या मुलांना त्या नोंदीमुळेच तो चेहरा आपला वाटेल.

जय भीम!