विमानातला कुत्रा, ताईंचा दमा आणि नामानिराळी राहणारी कंपनी



गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतलं विमान, एका अंध प्रवाशाच्या पायाशी पसरलेला भलामोठा लॅब्राडोर आणि शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून ओरडतोय की मला कुत्र्याची ॲलर्जी आहे, याला खाली उतरवा. आमचा पोरगा म्हणाला, "बघा, तिकडं कुत्र्यालाही विमानात जागा आहे आणि इकडं आपला माणूस गटारात उतरून मरतोय." सगळे हसले. मीही हसलो.

हे हसू कुठून येतं ते आपल्याला ठाऊक आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी पिता येत होतं, आपल्या माणसांना नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, तर तळं बाटलं म्हणून गोमूत्र-शेणाने त्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. १९३१ साली मणिभवनात गांधीजींना बाबासाहेबांनी ऐकवलं त्याचा आशय हाच होता, की जिथं आमची किंमत कुत्र्यामांजरापेक्षाही कमी, ती भूमी आमची म्हणायची कशी? त्यामुळे कुत्र्याचा मान आणि माणसाचा अपमान शेजारी शेजारी दिसले की आपली जखम उघडी पडते. त्यात गैर काही नाही.

पण हा राग त्या लॅब्राडोरवर काढण्यात चूक आहे. तो कुणाच्या कौतुकाचा कुत्रा नाही, त्या माणसाचे ते डोळे आहेत. जिना कुठं आहे, दार कुठं आहे, समोर खड्डा आहे का, हे तो सांगतो. विमानात जागा कुत्र्याला मिळालेली नाही, अंध माणसाला मिळाली आहे. (आणि कुत्र्याचा राग बाबासाहेबांच्या नावावर तर कुणी खपवूच नये. राजगृहातला १९३४ सालचा तो कौटुंबिक फोटो पाहा, त्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत आणि बाबासाहेबांचा लाडका टॉबीही आहे.)

एवढं बोलून मी विषय संपवणार होतो. तेवढ्यात मागे बसलेल्या आमच्या एक ताई बोलल्या. त्या सफाई कामगार आहेत, वीस वर्षं रस्त्यावरची धूळ छातीत घेऊन दमा लागलाय. म्हणाल्या, "दादा, मी काही विमानात बसले नाही. पण त्याचे डोळे खरे, मग माझा दम खोटा का?"

मी त्यांना गुळमुळीत उत्तर दिलं आणि चहा मागवला. ते उत्तर चुकीचं होतं. हा लेख त्यासाठी.

आधी आजाराचं बघू. कुत्र्याची ॲलर्जी म्हणजे नखरा नव्हे. पुष्कळांना वाटतं ती केसांची असते. तसं नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या बारीक कोंड्यात जी प्रथिनं असतात त्यांची ती ॲलर्जी असते. कुणाला नुसत्या शिंका येतात, कुणाचे डोळे सुजतात, आणि दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो. जमिनीपासून दहा किलोमीटरवर, बंद डब्यात, जिथून उतरून जाता येत नाही तिथं श्वास अडकणं काय असतं ते ताईंना समजावून सांगावं लागत नाही.

पण याच विज्ञानाची दुसरी बाजूही आहे. हा कोंडा कुत्रा पाळणाऱ्यांच्या कपड्यांवर बसून कुत्र्याशिवायही फिरतो, सीटच्या कापडात मुरतो. ज्या घरात, शाळेत कुत्रा कधी आलाच नाही तिथंही तो सापडलेला आहे. म्हणजे अंध माणसाला खाली उतरवलं म्हणून ते विमान 'शुद्ध' होत नाही. उलट मोठ्या आधुनिक विमानात हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते आणि परत फिरवलेली हवा हेपा गाळणीतून जाते, जी असे बारीक कण जवळजवळ सगळे अडवते. उरतो तो मुख्यतः अगदी जवळच्या सीटवरचा धोका. मग खरा प्रश्न अंतराचा आणि व्यवस्थेचा होतो, आणि विमानातली सीट कुणी कुठं बसायचं हे कंपनी ठरवते.

अमेरिकेत यावर कायदा आहे. १९८६ चा 'एअर कॅरिअर ॲक्सेस ॲक्ट' अपंग प्रवाशाशी भेदभाव करायला बंदी घालतो. कुत्रा इतरांना आवडत नाही, त्याचा त्रास वाटतो, एवढ्या कारणावर प्रशिक्षित कुत्र्याला नाकारता येत नाही. पण त्याच कायद्याच्या नियमांत श्वास घेणं हीसुद्धा जगण्याची मूलभूत क्रिया मानली आहे. ज्याची ॲलर्जी इतकी तीव्र आहे की श्वासच अडतो, तो प्रवासीही अपंगत्वाच्या संरक्षणात येऊ शकतो. मग दोघांनाही न्यायचं, एकमेकांपासून लांब बसवून. कॅनडाच्या परिवहन प्राधिकरणानेही केबिनमधल्या मांजरांच्या तक्रारींवर निकाल देताना तीव्र ॲलर्जीला अपंगत्व मानलं आणि विमान कंपन्यांना पाच रांगांचं अंतर ठेवायला लावलं.

आता या तक्रारी कुठल्या मांजरांच्या होत्या ते लक्षात घ्या. पैसे घेऊन नेलेल्या पाळीव मांजरांच्या! अमेरिकेतल्या कंपन्याही शंभर-दीडशे डॉलर घेऊन लोकांची कुत्री-मांजरं केबिनमध्ये नेतात. अंध माणसाचा प्रशिक्षित कुत्रा मात्र कायद्याने फुकट न्यावा लागतो. पैसे देणाऱ्या श्वानाचा कोंडा चालतो आणि फुकट्या श्वानाचा कोंडा आला की कर्मचाऱ्यांना अचानक इतर प्रवाशांच्या तब्येतीची काळजी वाटू लागते, तर त्या काळजीचा हिशेब मागायला नको का? आपल्याकडेही अकासा एअरने २०२२ च्या नोव्हेंबरपासून केबिनमध्ये पाळीव प्राणी न्यायला सुरुवात केली. हा प्रश्न फार दिवस परदेशातला राहणार नाही.

यात भामटेही आहेत. अमेरिकेत 'भावनिक आधाराचा प्राणी' या नावाखाली लोक काहीही घेऊन यायला लागले होते. २०१८ साली न्यूअर्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या. त्याआधी २०१७ मध्ये अशाच एका कुत्र्याने शेजारच्या प्रवाशाचा चेहरा फाडला होता. कुत्र्याच्या अंगावरचं 'सर्व्हिस डॉग' लिहिलेलं जाकीट ऑनलाइन विकत मिळतं. शेवटी जानेवारी २०२१ पासून नियम बदलला. आता सेवेचा प्राणी म्हणजे फक्त प्रशिक्षित कुत्रा, आणि त्याच्या आरोग्याचा, वागणुकीचा, प्रशिक्षणाचा फॉर्म कंपनी मागू शकते. म्हणजे भाडं वाचवायला लबाडी केली सुस्थितीतल्यांनी आणि फॉर्म भरत बसले अंध! आपल्याला हे नवीन नाही. बोगस जातीचे दाखले काढून राखीव जागा कोण बळकावतं आणि पडताळणी समितीच्या दारात वर्षानुवर्षं चपला कोण झिजवतं? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाला बहिरा खटल्यात सांगावं लागलं, की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही. पण त्या लबाडीचा संशय अजून खऱ्या दाखलेवाल्याच्याच वाट्याला येतो.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. 'मला ॲलर्जी आहे' हे वाक्य विटाळासाठीही वापरता येतं. फरक ओळखायचा कसा? माझा अनुभव असा, की माणूस काय मागतो ते ऐकावं. ज्याला खरोखर दम लागतो तो अंतर मागतो, दुसरी सीट मागतो, औषध हाताशी ठेवतो. पाच रांगा मागे बसवलं की त्याचं काम भागतं. विटाळ पाळणाऱ्याला मात्र पाच रांगांनी समाधान होत नाही, त्याला समोरचा माणूस विमानातूनच नाहीसा व्हायला हवा असतो. तरी हेही कबूल करतो की हा काटा दर वेळी अचूक नाही. लहान विमानात, जिथं गाळणीही नाही आणि पुरेसं अंतरही नाही, तिथं खरा दमेकरीही म्हणेल की एकत्र जाणं शक्य नाही, आणि ते खरं असेल. तिथं एकाला पुढच्या विमानाने जावं लागेल. त्याचं तिकीट, त्याचं जेवण, त्याचा मुक्काम कंपनीच्या खर्चाने, आणि हे विमानतळावर तमाशा करून नाही, बुकिंगच्या वेळीच विचारून ठरलं पाहिजे.

'इतर प्रवाशांसाठी' हे शब्द भारतात कसे वापरले जातात ते जीजा घोष यांच्या प्रकरणात दिसलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्त्या १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. सीटवर बसल्यानंतर त्यांना विमानातून उतरवलं. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता, कुणाला ॲलर्जी नव्हती. नुसतं त्यांचं शरीर पुरलं. कंपनीने सुरक्षेचं कारण पुढे केलं. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी आलेल्या अपंग हक्क कायद्यात 'वाजवी सोय' ही संकल्पना आली, म्हणजे व्यवस्थेने माणसाप्रमाणे स्वतःला बदलायचं. आपल्या संविधानाचं कलम १५ विहिरी, तलाव, रस्ते, हॉटेलं यांची नावं घेऊन भेदभावाला बंदी घालतं. त्या यादीत जात आहे, लिंग आहे, अपंगत्व नाही. हे आपणही फारसं कधी बोललो नाही.

तर ताई, तुमचा दम खरा आहे आणि त्याचे डोळेही खरे आहेत. तुम्हा दोघांना एका सीटवरून भांडायला लावून तिकिटाचे पैसे मोजत बसलेला तिसरा त्या व्हिडिओत दिसत नव्हता, आणि मलाही त्या दिवशी तो दिसला नाही.

पुढच्या रविवारी अभ्यासवर्गात जीजा घोष निकाल वाचणार आहोत. ताईंनी येतो म्हणून सांगितलंय. वर्गाची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथली चटई वर्षभर झटकलेली नाही, हे त्यांनी जाता जाता ऐकवलं. या वेळी आपण खालच्या व्हरांड्यात बसू.