अनारसा हसतो तेव्हा

सणाच्या पंक्तीस बसणाऱ्यांचे दोन वर्ग असतात: एक करून बसणाऱ्यांचा आणि दुसरा नुसते बसणाऱ्यांचा. पदार्थ बिघडला म्हणजे अधिक बोलतो तो हा दुसरा वर्ग. हा न्याय उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिवाळीच्या फराळातील अनारसाच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग उपसून फडक्यावर पसरावयाचे, किंचित ओलसर असतानाच कुटून चाळावयाचे, आणि त्या पिठात गूळ मिसळून गोळा काही दिवस मुरू द्यावयाचा. मग खसखशीवर थापून तुपात सोडावयाचा. इतके करूनही गूळ अंमळ अधिक झाला की अनारसा फाकतो आणि तुपात विरतो. आपल्या आज्या यास 'अनारसा हसला' असे म्हणत आल्या आहेत. फसण्यास हसणे म्हणणारी ही भाषा किती समंजस!

परंतु अनारसा हसला म्हणून घरही हसते असे नाही. गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीस, अभ्यंगस्नाने आटोपून आमच्या घरची सर्व मंडळी व पाहुणे फराळास बसले. अनारशांच्या जागी ताटात नुसता चुरा होता, चकल्याही मऊ पडल्या होत्या. एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी ताट बाजूस सारले आणि "पूर्वी या घरी असे होत नसे," एवढेच ते म्हणाले. नोकरी सांभाळून तीन रात्री जागलेली आमची आई काहीच न बोलता आत गेली. आजीने मात्र तो चुरा वाटीत घेतला, वर दूध घातले आणि चवीने खाल्ला. पाहता पाहता मुलांनीही वाट्या पुढे केल्या.

कोणी म्हणेल, दोष दाखविल्यावाचून हात सुधारत नाही. हे आम्हांस मान्य आहे. पण दोष दाखविणाऱ्याने निदान एकदा तरी तांदळाचे पाणी बदललेले असावे. आजीने दुसऱ्याच दिवशी उरलेल्या पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून दिली. हीही टीकाच होती, पण तिने पुढचा घाणा सुधारला. कपाळावरच्या आठीने घाणा सुधारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आम्हां बडोदेकर मराठी कुटुंबांस तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. महाराष्ट्रापासून दूर पिढ्यान् पिढ्या राहूनही आपली भाषा व आपले सण टिकले, ते बऱ्याच अंशी स्वयंपाकघरांत टिकले. करणारीच्या वाट्यास केवळ नाके मुरडणे आले, तर पुढील वर्षी ती बाजारातून डबा आणील, आणि तिला बोल लावता येणार नाही. मग अनारसा कधी हसणारही नाही, आणि 'हसला' या शब्दाचा हा गोड अर्थ आपल्या पुढच्या पिढीस कोशात शोधावा लागेल.

यास्तव विद्यार्थिमित्रांनो, आणि येथे आम्ही मुलग्यांस मुद्दाम संबोधितो, येत्या दिवाळीपूर्वी तांदूळ भिजतील तेव्हा पाणी बदलण्याचे काम आपणाकडे मागून घ्या. नंतर खुशाल नावे ठेवा. बहुधा तेव्हा ती ठेवावीशीच वाटणार नाहीत.