सुपरवायझरचे शिक्षण त्याच्या झोपेच्या वेळेत नको




चाकण असो, रांजणगाव असो, सातपूर की वाळूज, चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करण्याची आपल्याकडची रीत सगळीकडे सारखीच. एक तारखेला हातात पत्र पडते, शर्टाचा रंग बदलतो आणि कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्या वीस-बावीस जणांची हजेरी, रजा आणि रिजेक्शन त्याच्या नावावर चढते. माणसांकडून काम कसे करून घ्यायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. अलीकडे त्यावर उपाय म्हणून मोबाइलवर लिंक येते. 'लीडरशिप'ची मॉड्यूल आपल्या सवडीने पूर्ण करा, शेवटी सर्टिफिकेट मिळेल. या सवडीबद्दलच मला लिहायचे आहे.

मी ऑपरेटर म्हणून लागलो आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. काम सांभाळून, दूर बसून घेता येणाऱ्या प्रशिक्षणाच्या मी पूर्ण बाजूने आहे. मात्र ती सवड कंपनीने कामाच्या तासांतून काढून दिली पाहिजे.

आज काय होते ते सांगतो. आमच्या सोसायटीतला एक मुलगा गेल्या वर्षी सुपरवायझर झाला. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये तो व्हिडिओ चालू करतो आणि खिडकीला डोके टेकून झोपतो. व्हिडिओ थांबला की शेजारचा त्याला हलवतो, हा अंगठ्याने 'पुढे' दाबतो आणि पुन्हा झोपतो. शेवटी प्रश्न येतो, उत्तम नेत्याचा गुण कोणता? चार पर्यायांतले तीन उघडच चुकीचे असतात. सर्टिफिकेट मिळाले, एचआरच्या तक्त्यात त्याचा रकाना हिरवा झाला. त्याच महिन्यात त्याचा जुना मशीनचा जोडीदार सलग तीन दिवस पंधरा-वीस मिनिटे उशिरा आला. मस्टरवर मारावे की सोडून द्यावे, याला कळेना. सोडून दिले. चौथ्या दिवशी आणखी दोघे उशिरा आले आणि त्यांना मात्र त्याने सगळ्यांदेखत झापले. आता अर्धी लाईन त्याच्याशी कामापुरतेच बोलते. यात त्या मुलाचा काय दोष? मैत्री असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन काय बोलावे, हे शिकण्यासारखे असते आणि शिकवताही येते. पण अर्धवट झोपेत ते शिकता येत नाही.

सुपरवायझरच्या तासांचा हिशेब मागणारे कोणी नसते, ही खरी गोम आहे. ऑपरेटरला जादा थांबवले तर ओव्हरटाइम द्यावा लागतो, युनियन विचारते. बढती मिळाली की बहुतेक ठिकाणी ओव्हरटाइमही संपतो आणि युनियनही सुटते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार पर्यवेक्षकाचे काम करणारा माणूस महिन्याला अठरा हजारांपेक्षा जास्त पगार घेत असेल, तर तो 'कामगार' या व्याख्येतच बसत नाही. मग रात्री दीड वाजता त्याने मॉड्यूल पूर्ण केले याची नोंद कोण ठेवणार? सगळ्यात कमी सवड ज्याच्याकडे आहे, त्यालाच सांगायचे की सवडीने शिक!

काही जण म्हणतील, मग जुनी निवासी शिबिरेच बरी. मला तसे वाटत नाही. लोणावळ्याच्या हॉटेलात तीन दिवस बसवून ऐकवलेले चौथ्या दिवशी लाईनवर उभे राहिल्यावर किती आठवते, हे त्यातून गेलेल्यांना विचारावे. थोडे शिकायचे, आठवडाभर करून बघायचे, अडले ते विचारायचे आणि मग पुढचे शिकायचे, हे दूरशिक्षणात सहज जमते, शिबिरात जमत नाही. शिवाय बाई सुपरवायझर झाली की तीन दिवस घर सोडून जाणे तिला कितपत परवडते? माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोन हुशार मुली केवळ या कारणाने शिबिराला गेल्या नाहीत आणि पुढच्या बढतीच्या यादीत मागे पडल्या. त्यांच्यासाठी दूरशिक्षण हाच रस्ता आहे. तो नीट बांधावा, एवढीच मागणी आहे.

नीट बांधायचा म्हणजे कसा, याचे नमुने जुनेच आहेत. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी स्वतः वाचून समजतील अशी मराठी पुस्तके, जवळचे अभ्यासकेंद्र आणि तिथली संपर्कसत्रे, अशी त्याची घडण आहे. पुस्तक घरी असले तरी शंका विचारायला समोर माणूस असतो. कंपन्यांनी शिक्षण मोबाइलवर आणताना नेमका हा माणूसच गाळला.

दुसरा नमुना त्याहून जुना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखे कामगार भरले गेले आणि त्यांच्यावरचे मुकादमही नवखेच. तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना निघाली. काम शिकवण्याचे प्रशिक्षण दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, दहा-दहा जणांच्या गटात होई. प्रत्येकाने आपल्या खात्यातले खरे काम आणायचे, ते गटासमोर कोणाला तरी शिकवून दाखवायचे आणि बाकीच्यांनी चुका सांगायच्या. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून अधिक लोक या योजनेतून गेले. पुढे जपानी कारखान्यांनी हीच पद्धत उचलली. ऐन युद्धाच्या घाईत उत्पादन अडून असताना दहा तास काढता आले. आपल्याला का येऊ नयेत?

आठवड्याला एक तास द्या म्हटले की प्रॉडक्शनवाले हात वर करतात. अठ्ठेचाळीस तासांतला एक तास म्हणजे दोन टक्के. शिफ्ट बदलतानाचा बिघडलेला एक हँडओव्हर याहून जास्त खातो. रजिस्टरवर 'मशीन ओके' लिहून पहिल्या पाळीचा सुपरवायझर बस पकडायला पळतो. सेन्सर बायपास करून मशीन चालवले आहे, हे दुसऱ्या पाळीला माल तपासणीत अडकल्यावर कळते. कधी माल अडकतो, कधी एखाद्याचे बोट. नव्या सुपरवायझरला आठवड्याचा स्वाध्याय म्हणून आपलाच हँडओव्हर लिहून आणायला सांगा, काय बोललो, काय राहिले, समोरच्याने काय विचारले. आठवड्याच्या त्या तासात एखाद्या अनुभवी मार्गदर्शकाने फोनवर त्यातल्या दोन गोष्टी धरून बोलावे. सहा आठवड्यांत माणूस बदलतो. असे बदललेले मी पाहिले आहेत.

मजकूरही आपला हवा. व्हिडिओतली, काचेच्या ऑफिसात सूट घालून बसलेली माणसे आमच्या प्रेसशॉपमधल्या सुपरवायझरला काय शिकवणार? त्याच्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत. गणपतीच्या आठवड्यात अकरा जणांनी एकदम रजा मागितली तर काय करायचे? कायम आणि कंत्राटी कामगार एकाच मशीनवर पगारात निम्म्याचा फरक असताना उभे आहेत, त्यांना काम कसे वाटायचे? बिहार-ओडिशातून कालच आलेल्या पोराला सुरक्षेची सूचना खरोखर समजली की तो नुसती मान हलवतोय, हे कसे ओळखायचे? असे प्रसंग गोळा करून मराठीत आणि हिंदीत धडे तयार करणे मराठा चेंबर, निमा यांसारख्या उद्योजकांच्या संघटनांना आणि मुक्त विद्यापीठाला मिळून सहज शक्य आहे. एकट्या लहान कारखान्याला ते परवडणार नाही, म्हणून हे काम संघटनांनीच अंगावर घ्यावे.

कंपन्यांनी मात्र यासाठी कोणाची वाट पाहू नये. सुपरवायझरच्या बढतीच्या पत्रात पगाराच्या आकड्याखाली दोन ओळी वाढवाव्यात. पहिली, पहिले सहा महिने आठवड्यातला एक तास शिफ्टमध्येच शिकण्यासाठी राहील आणि त्या तासाला लाईन कोण सांभाळेल. दुसरी, अडल्यास कोणाला फोन करायचा, त्या अनुभवी माणसाचे नाव.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, चिंचवड