पंधरा दिवसांचा निकाल

लेव्होथायरॉक्सिन म्हणजे अवटू (थायरॉइड) ग्रंथीत तयार होणाऱ्या थायरॉक्सिन या संप्रेरकाचे कारखान्यात बनवलेले रूप. ग्रंथी मंदावली की रक्तातले थायरॉक्सिन घटते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी मग टीएसएच हे अवटूला चालना देणारे संप्रेरक वाढवून तिला कामाला लावू पाहते आणि तरीही भागले नाही की थकवा, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, गळणारे केस, पाळीच्या तक्रारी, थंडी न सोसणे असा पसारा सुरू होतो. कमी पडते ते तोंडावाटे पुरवणे हा यावरचा उपचार. देशातल्या आठ ठिकाणी झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 10.95 टक्के प्रौढांत ही कमतरता आढळली. त्या आठांत मुंबई होती, गोवा होता आणि दिल्लीही होती.

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे जुन्या कर्झन रोडवर, महाराष्ट्र सदनाची नवी इमारत आहे आणि कॅनॉट प्लेसच्या टोकापर्यंत कचेऱ्याच कचेऱ्या आहेत. नोएडा-वैशालीहून मेट्रोने बाराखंबा रोडला उतरून येणारी मराठी मंडळी या कचेऱ्यांत थोडीथोडकी नाहीत. दुपारी डबे उघडले की भाजीच्या आधी टीएसएचचा आकडा बाहेर येतो: कुणाची पंचवीस मायक्रोग्रॅमची गोळी चालू झाली, कुणाची पन्नासची पंचाहत्तर झाली. या मंडळींपुढे आरोग्यावर बोलणारे एक गृहस्थ आहेत. नाव घेण्याचे कारण नाही. मत त्यांच्या एकट्याचे नाही, आवाज मात्र त्यांचा मोठा आहे.

त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. थायरॉइडची गोळी एकदा लागली की जन्माची लागते, म्हणून ती लावूनच घेऊ नये. ती रसायन आहे, शरीर तिला स्वीकारत नाही. पंधरा दिवस घेऊन फरक पडत नाही आणि पंधरा दिवस सोडली तर काही बिघडत नाही, यावरून तिची किंमत कळते. पूर्वी घरोघरी आज्या होत्या, थायरॉइड नव्हता; तो आयोडीनच्या मिठाने आणला आणि औषध कंपन्यांनी पोसला. रात्री भिजवलेल्या धन्याचे पाणी सकाळी घेतले की ग्रंथी आपोआप जागी होते. निदान कस्तुरबांच्या नावाच्या रस्त्यावर तरी निसर्गोपचाराची आठवण ठेवा, असा शेवटी एक झेंडाही असतो.

जन्माच्या गुलामगिरीचा मुद्दा आकड्यांनी लवकर आटोपतो. रोज 100 मायक्रोग्रॅम घेणाऱ्याच्या पोटात वर्षभरात साडेछत्तीस मिलीग्रॅम थायरॉक्सिन जाते. तापावरच्या पॅरासिटामॉलच्या 500 मिलीग्रॅमच्या एका गोळीइतके वजन भरायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. इतकुसे औषध शरीर चालवते, कारण ते शरीराचेच आहे. ग्रंथीचा धंदा बसला असेल तर गोळी न घेतल्याने तो पुन्हा उभा राहत नाही. फक्त माणूस थायरॉक्सिनवाचून राहतो आणि याला स्वातंत्र्य म्हणायची पद्धत पडली आहे.

पंधरा दिवसांच्या मुद्द्याशी मात्र थांबावे लागते. या औषधाशी जुळवून घेताना होणाऱ्या बहुतेक चुका तिथेच जन्मतात.

थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे आहे. आज शरीरात असलेल्या थायरॉक्सिनपैकी निम्मे आठवड्याने उरते. रोज एकच गोळी घेतली तर तिची पातळी गळक्या हौदात रोज एक घागर ओतावी तशी चढते: पहिल्या आठवड्यात अखेरच्या पातळीच्या निम्मी, दुसऱ्यात पाऊण आणि पूर्ण भरायला पाच ते सहा आठवडे. ग्रंथी मंद असलेल्या माणसात सगळेच मंद चालते. तिथे हे अर्धायुष्य नऊ-दहा दिवसांवर जाते आणि हौद आणखी सावकाश भरतो. याच्यामागून पीयूषिका ग्रंथी येते. रक्तातले थायरॉक्सिन सुधारले तरी टीएसएच खाली आणायला तिला आणखी काही आठवडे लागतात. सर्वांत शेवटी त्वचा आणि केस. गळून गेलेल्या केसांच्या जागी नवे दिसायला महिने जातात. सुरुवातीच्या काळात गळती चालूच राहते आणि तिचा दोषही गोळीवर येतो. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचा असतो. हा अवधी डॉक्टरांच्या सोयीने ठरलेला नाही, रेणूच्या चालीने ठरलेला आहे.

आता पंधराव्या दिवशी काय होते ते पाहावे. समजा, एका कारकून बाईंचा टीएसएच 14 होता आणि पन्नासची गोळी सुरू झाली. पंधराव्या दिवशी त्या घाईने लॅबवाल्याला घरी बोलावतात आणि आकडा 11 येतो. शेजारच्या टेबलावरचा सल्ला तयारच असतो: पॉवर कमी पडतेय. पंचाहत्तर होते. पुन्हा पंधरा-वीस दिवसांनी शंभर. प्रत्येक वेळी आधीच्या मात्रेचा परिणाम अजून पुरता आलेलाच नसतो. दोन महिन्यांनी तो सगळा एकदम अंगावर येतो: छातीत धडधड, हातांना कंप, रात्री दोनला टक्क जाग, विनाकारण चिडचिड. बाई म्हणतात, गोळी सोसत नाही. गृहस्थ म्हणतात, मी सांगितलेच होते. पन्नासवर आठ आठवडे थांबले असते तर कदाचित पन्नासमध्येच भागले असते, हे दोघांपैकी कुणालाच सुचत नाही.

उलट्या दिशेची फसवणूक याहून देखणी आहे. भाषण ऐकून एखादा गोळी सोडतो आणि धन्याचे पाणी सुरू करतो. आठवडाभराने अंगात अजून निम्मे थायरॉक्सिन असते, दोन आठवड्यांनी पाव असते आणि स्वतःची ग्रंथी थोडीफार चालत असेल तर भर पडते ती वेगळीच. मात्रा आधी जास्त झालेली असेल तर धडधड थांबून खरोखर हलके वाटते. पंधराव्या दिवशी हा माणूस व्याख्यानानंतर उठून सांगतो की गोळी सोडली, धने घेतले, ठणठणीत आहे. टाळ्या पडतात. श्रेय धन्यांना जाते, काम मात्र मागच्या महिन्यातल्या गोळ्यांनी केलेले असते. तो तिसऱ्या महिन्यात पुन्हा सुजलेल्या डोळ्यांनी कचेरीत येतो तेव्हा सभागृह रिकामे असते. त्यातून हे दिवस दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीत आले तर गारठा, सुस्ती आणि जडपणा यांचे खापर हवेवर फुटते आणि निदान आणखी लांबते. वृद्धांमध्ये अशा वेळी छातीचा संसर्ग झाला तर शरीराचे तापमान उतरत जाऊन बेशुद्धी येण्यापर्यंत मजल जाते. हा प्रकार विरळा, पण जीवघेणा आहे.

औषध सावकाश असण्याचा फायदाही आहे. एखादा दिवस गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही. त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. ज्या संथपणामुळे हे शक्य होते तोच पूर्वपक्षाने गोळीविरुद्ध साक्षीला उभा केला आहे.

नैसर्गिक विरुद्ध रसायन हा वाद ज्यांना हवा आहे त्यांनी इतिहास जरूर चाळावा. 1891 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने सेहेचाळीस वर्षांच्या एका रुग्णेला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. पुढे हा अर्क तोंडाने देता येऊ लागला. त्या बाई 1919 साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारल्या, तोवर त्यांच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या होत्या. अस्सल नैसर्गिक उपचार तो हा. धन्याच्या पाण्यात थायरॉक्सिन नसते, मेंढीच्या ग्रंथीत असते. निसर्गाची एवढी ओढ असेल तर खाटकाकडे नाव नोंदवावे लागेल. 25 डिसेंबर 1914 रोजी एडवर्ड केंडल याने थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि 1927 मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. त्यातून पुढे मेंढ्या सुटल्या. रेणू तोच आहे, शरीराला त्याच्या जन्मस्थानाशी देणेघेणे नसते.

मिठावरचा आरोप जुनाच आहे. 1956 पासून कांगडा खोऱ्यात झालेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिले होते. तरीही साध्या मिठाच्या विक्रीवरची केंद्राची बंदी 2000 मध्ये उठली आणि 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. मधल्या काळातली भाषणे ज्यांनी ऐकली त्यांना आजची नवी वाटणार नाहीत. स्वातंत्र्य, मिठागरे, परकी कारस्थान हे सगळे त्यात होते. गलगंडाने फुगलेले गळे तेवढे नव्हते. आयोडीन वाढल्यावर काही समाजांत स्वप्रतिकारक अवटूदाहाचे प्रमाण वाढलेले दिसते, हे खरे. पण तो आजार हाशिमोतो यांनी जपानमधून 1912 सालीच वर्णन केला होता आणि स्वित्झर्लंडने मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली ती 1922 मध्ये. मिठाला दहा वर्षे आधी येऊन गुन्हा करता आला नसता.

आज्यांना थायरॉइड नव्हता म्हणजे त्यांच्या रक्ताची तपासणी नव्हती. दुपारभर भिंतीला टेकून बसणारी, घोगऱ्या आवाजाची, उन्हाळ्यातही शाल घेणारी आजी पुष्कळ घरांत होती. तिला आळशी म्हणत आणि फार झाले तर डोक्याने गेली म्हणत. या आजारात मनाचा तोल जातो आणि तो थायरॉइडच्या औषधाने परत येऊ शकतो, हे रिचर्ड ॲशर यांनी 1949 मध्ये रुग्णांसह मांडले. आजीपर्यंत ते पोचले नाही.

राहिला कस्तुरबांचा झेंडा. फेब्रुवारी 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानाने आणवले होते, ते दिले गेले नाही आणि 22 तारखेला त्या गेल्या. वय चौऱ्याहत्तर, हृदय आधीच थकलेले. त्या औषधाने वाचल्या असत्या की नाही ते कुणी सांगू शकत नाही. पण यातून औषधाविरुद्ध पुरावा कसा निघतो हे गृहस्थच जाणोत. गांधीजींनी स्वतः 12 जानेवारी 1924 रोजी त्याच पुण्यात ससून रुग्णालयात ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली होती. व्याख्यानात ही तारीख येत नाही.

कंपन्यांच्या नफ्याबद्दल एक ओळ पुरे: लेव्होथायरॉक्सिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असून त्याच्या कमाल किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे.

पूर्वपक्षाची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती त्यांनी नीट मांडली असती तर बरे झाले असते. टीएसएच थोडासा वाढलेला, थायरॉक्सिन नॉर्मल, अशा प्रत्येकाला गोळी लागत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पासष्टच्या वरच्या अशा 737 जणांत गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या लक्षणांत फरक आढळला नाही. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच. काहींची ग्रंथी बाळंतपणानंतर किंवा एखाद्या संसर्गानंतर तात्पुरती मंदावते आणि सावरते. त्यांची गोळी पुढे थांबवता येते. गरज नसताना दिलेली किंवा जास्त झालेली मात्रा वृद्धांमध्ये हृदयाची लय बिघडवते आणि हाडे ठिसूळ करते.

मंडन छोटे आहे. टीएसएच 10 च्या वर टिकून असेल, ग्रंथी काढून टाकलेली असेल, नवजात बाळात कमतरता सापडली असेल तर वाद घालत बसू नये. पूर्ण मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोला 1.6 मायक्रोग्रॅम धरतात. वृद्ध आणि हृदयरोगी यांना साडेबारा किंवा पंचवीसपासून चढवत नेतात. गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. कॉफीने शोषण घटते, त्यामुळे ती तासाभराने. चहालाही तोच नियम लावलेला बरा. सकाळी सातची मेट्रो गाठणाऱ्याला हे जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी, पण रोज तीच वेळ ठेवावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. आम्लपित्तावरच्या गोळ्या कायम चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे. चतुर्थीच्या उपासाला पाण्याबरोबर गोळी चालते. साबुदाण्याची खिचडी तासाभराने. दिल्लीच्या जूनमध्ये बाटली गॅसवरच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. उष्णता, दमट हवा आणि उजेड तिन्हींनी औषध उतरते.

वजनाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. या आजाराने वाढणारे वजन बहुधा दोन ते चार किलोंचे आणि त्यातले बरेच पाण्याचे. उरलेल्याचा हिशेब ताटात मांडावा लागतो. टीएसएच नॉर्मल आल्यावरही काहींचा थकवा जात नाही. अशा वेळी हिमोग्लोबिन, बी-12, झोप आणि मनःस्थिती तपासावी, परस्पर मात्रा वाढवू नये. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते थांबवावे, कारण काही यंत्रांवर त्याने आकडे चुकीचे येतात. गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिल्याचे कळले की मात्रा सुमारे पंचवीस ते तीस टक्के वाढवावी लागते. पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. मात्रा स्थिरावली की टीएसएच सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. मधे कंपनी बदलली तर पुन्हा सहा आठवड्यांनी.