विश्रामबाग वाडा

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर, ऐन गजबजाटात, विश्रामबाग वाडा उभा आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने आपल्या निवासासाठी बांधविलेला हा वाडा इ. स. १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. दर्शनी बाजूच्या लाकडी सज्जाचे कोरीव काम पाहताच वाटसरूची पावले मंदावतात. सज्जाचे सागवानी खांब सुरूच्या झाडाप्रमाणे वर निमुळते होत गेले आहेत. आत एकापाठोपाठ एक असे तीन चौक आहेत. या मोकळ्या चौकांतूनच दाटीने बांधलेल्या दालनांना उजेड व वारा मिळतो.

अशा वाड्यांचा भार मुख्यतः लाकडी खांबांवर व तुळयांवर असतो. लाकूड हेच त्यांचे वैभव आणि तीच त्यांची दुर्बलता! इ. स. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे महाल जळाले. तट व बुरूज तेवढे उरले. विश्रामबाग वाड्याचा पूर्वेकडील भागही इ. स. १८७९ मध्ये अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला. परंतु नागरिकांनी वर्गणी जमविली, नगरपालिकेने हातभार लावला आणि तो भाग पुन्हा उभा राहिला.

“जुन्या वाड्यांनी जागा अडते, त्यांच्या डागडुजीवर पैसा का खर्चावा?” असे काहीजण विचारतात. प्रश्न अगदीच गैर नाही. गळके छप्पर आणि वाळवी लागलेल्या तुळया सांभाळणे एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. प्रत्येक वाडा वाचविता येणार नाही, हेही खरे. म्हणूनच जे वाडे लोकांच्या हाती आले आहेत, ते तरी जपलेच पाहिजेत. बाजीरावाने इ. स. १८१७ मध्ये पुणे सोडले. म्हणजे या वाड्याचा उपभोग त्याला जेमतेम दहा वर्षे मिळाला. पुढे इ. स. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्यातूनच कालांतराने डेक्कन कॉलेज उदयास आले. काही काळ नगरपालिकेची कचेरीही येथे होती. धन्याला जे घर दहा वर्षे लाभले, ते दोन शतके लोकांच्या उपयोगी पडले!

ज्या वास्तूत माणसांचा वावर असतो, तिची गळती वेळीच दिसते आणि वेळीच थांबते. कुलूप लावलेला वाडा मात्र आतून कुजत जातो. वाडा जपावयाचा तर तो वापरात ठेवावा. पण जपून वापरावा. कारागिराने कित्येक दिवस खपून घडविलेल्या खांबावर एखादा मुलगा क्षणभरात आपले नाव कोरतो. कारागिराने मात्र त्यावर स्वतःचे नाव कोठेच लिहिलेले नसते.