कफ सिरपमधले विष प्रयोगशाळेत कसे ओळखतात?

साधा सर्दी-ताप, त्यावर कफ सिरप आणि काही दिवसांत लघवी बंद. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात असे वीसहून अधिक बालमृत्यू झाले. बहुतेक मुले पाच वर्षांखालची होती आणि त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूच्या औषध यंत्रणेने तपासणी केली, तेव्हा ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल (डीईजी) आढळले. त्यानंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ही बॅच वापरू नका, असा इशारा दिला.

तेव्हापासून पालक एकच प्रश्न विचारतात : ‘डॉक्टर, इतके विष बाटलीत होते, तर ते आधी कुणाला कळले कसे नाही?’

सारखे दिसणारे द्रव

पॅरासिटामॉलसारखी औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिन वापरतात. औषधी दर्जाचे हे द्रव ठरलेल्या प्रमाणात सुरक्षित असतात. डीईजी मात्र औद्योगिक रसायन आहे. तेही रंगहीन, दाटसर आणि चवीला गोडच. त्यामुळे डोळ्यांनी, वासाने किंवा चवीने फरक कळत नाही.

शरीरात गेल्यावर यकृत डीईजीचे आम्लांत रूपांतर करते. त्यातील डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग लघवी कमी होणे आणि पुढे मेंदू व नसांवर परिणाम, असा हा क्रम असतो.

औषधात डीईजीची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे ५ मिली सिरपमध्ये जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम. या बॅचच्या ५ मिलीमध्ये सुमारे २.४ ग्रॅम डीईजी होते, म्हणजे मर्यादेच्या जवळपास ४८६ पट.

कोणती चाचणी काय सांगते?

*रासायनिक चाचणी :* ग्लिसरिन पोटॅशियम बायसल्फेटबरोबर तापवले की अक्रोलीनचा उग्र, जळक्या चरबीसारखा वास येतो. यावरून ग्लिसरिन आहे, एवढे कळते. त्यात डीईजीची भेसळ असली तरी वास येणारच.

*आयआर स्पेक्ट्रोस्कोपी :* प्रत्येक रासायनिक बंध अवरक्त किरणांच्या ठरावीक लहरी शोषतो. त्याचा आलेख शुद्ध नमुन्याच्या आलेखाशी ताडून पाहतात. पिंपावर प्रॉपिलीन ग्लायकॉलचे लेबल आणि आत निव्वळ डीईजी असेल, तर ते इथेच पकडले जाते. पण या सगळ्या द्रवांत अल्कोहोलचा गट असल्याने आलेखातील बरेच पट्टे एकमेकांवर येतात आणि थोडी भेसळ त्यात लपून जाते.

*गॅस क्रोमॅटोग्राफी :* यात मिश्रणातील घटक आधी वेगळे केले जातात. प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८ अंशांना उकळते, डीईजी २४५ आणि ग्लिसरिन २९० अंश सेल्सिअसला. त्यामुळे ते यंत्रातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि ०.१ टक्का इतके कमी प्रमाणही मोजता येते. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडला, तर रेणूच्या तुकड्यांवरून त्याची ओळख पक्की होते.

थोडक्यात, ‘हवा तो पदार्थ आहे का?’ आणि ‘नको तो पदार्थ नाही ना?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला वेगळी चाचणी करावी लागते.

चूक यंत्राची नव्हती

१९३७ मध्ये अमेरिकेत डीईजी घातलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यावर न्या. लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये गांबियातील बालमृत्यूंनंतर भारताने १ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपसाठी सरकारमान्य प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. देशातील मुलांसाठीच्या सिरपला मात्र अशी सक्ती नव्हती. ती जबाबदारी कारखान्याच्या स्वतःच्या तपासणीवर सोडली होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनीच राज्यांना कळवले की, काही कारखाने कच्च्या मालाच्या प्रत्येक बॅचची चाचणी करत नव्हते. तंत्र उपलब्ध होते आणि नियमही होता. जी चाचणी पिंप उघडताना व्हायला हवी होती, ती मुले दगावल्यावर झाली.

पालकांनी काय करावे?

- दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नका. पाच वर्षांखालीही ती सहसा लागत नाहीत. बहुतेक खोकला विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो.
- क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले सिरप चार वर्षांखालील मुलांसाठी नाही. लेबल वाचा.
- औषध पावतीसह घ्या. बाटली आजार बरा होईपर्यंत जपून ठेवा.
- औषध सुरू असताना उलट्या, सुस्ती किंवा सहा ते आठ तास लघवी न होणे, असे काही दिसले तर औषध थांबवा आणि लगेच रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या. वेळेत निदान झाल्यास उतारा आणि डायलिसिसचा उपयोग होऊ शकतो.

घरी सिरप चाखून किंवा हुंगून भेसळ ओळखता येत नाही, त्यामुळे तसा प्रयत्न करू नका.