‘दरोडेखोर’, ‘पत्री’ आणि प्रतिसरकार : एका हेटाळणीचा इतिहास

१/९
जुन्या वृत्तपत्रातील एखादे कात्रण हाती आले की त्यातील तारीख, गाव, माणसे यांकडे लक्ष जाते. विशेषणाकडे मात्र क्वचितच जाते. वास्तविक इतिहासाचा निकाल पुष्कळदा त्या विशेषणातच लावलेला असतो. १९४२ नंतरचा सातारा जिल्हा हे याचे ठळक उदाहरण.

२/९
९ सप्टेंबर १९४२ रोजी माणदेशातील वडूज येथे कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी मोर्चा निघाला. पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळीबार झाला. उघड मोर्चांचा मार्ग असा रक्ताने बंद झाल्यावर चळवळ भूमिगत झाली.

३/९
क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून गावोगावी प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळे तंटे मिटवीत, दारूबंदी केली जाई, कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ लागत. तुफान सेना हे या सरकारचे सशस्त्र दल होते. कुंडल हे त्याचे प्रमुख केंद्र. आणि हे कुंडल आटपाडीप्रमाणेच औंध संस्थानात होते.

४/९
ब्रिटिश सत्तेच्या भाषेत मात्र हे सारे ‘गुंड’ आणि ‘दरोडेखोर’. त्यात एक कावा होता. ‘बंडखोर’ म्हटले की बंड कशासाठी, हा प्रश्न उभा राहतो. ‘दरोडेखोर’ म्हटले की प्रश्नच संपतो. उरतो तो फक्त पोलिसांचा तपास. युद्धकाळात वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते, त्यामुळे सरकारी शब्दच बातमीचा शब्द होण्यास फारसा अडथळा नव्हता.

५/९
यातील विसंगती अशी की, त्या अंदाधुंदीचा फायदा घेऊन गावे लुटणाऱ्या खऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त प्रतिसरकारनेच केला. ज्यांनी दरोडे थांबवले, त्यांनाच दरोडेखोर ही पदवी मिळाली.

६/९
दुसरा शब्द ‘पत्री सरकार’. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. फितुरांच्या व गुंडांच्या पायांना अशीच पत्री ठोकतात, अशी वदंता पसरली. कार्यकर्त्यांच्या आठवणींत ही शिक्षा प्रामुख्याने तळव्यांवर काठीचे फटके अशी येते. तरीही ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले आणि एका पर्यायी राज्यव्यवस्थेची ओळख एका शिक्षेपुरती आक्रसली.

७/९
७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली. ती ‘लूट’ म्हणूनच ओळखली जाते. त्या हल्ल्याचे एक नेते कॅप्टन भाऊ लाड यांनी वृद्धापकाळी पत्रकार पी. साईनाथ यांच्याशी बोलताना या शब्दालाच हरकत घेतली. इंग्रजांनी जनतेचा चोरलेला पैसा परत आणला, ही त्यांची भूमिका. सात दशकांनंतरही त्यांना सलत होता तो एक शब्द.

८/९
याचा अर्थ प्रतिसरकारची चिकित्सा करू नये, असा नव्हे. शारीरिक शिक्षा हिंसकच होत्या आणि कोणत्याही न्यायव्यवस्थेप्रमाणे या न्यायदानालाही प्रश्न विचारले पाहिजेत. पण चिकित्सेला पुरावा लागतो. हेटाळणीला एक विशेषण पुरते. दोहोंत गल्लत करणे म्हणजे सत्तेच्या फौजदाराने लिहिलेला पंचनामा इतिहास म्हणून स्वीकारणे होय.

९/९
१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि नाना पाटील उजेडात आले. १९५७ मध्ये साताऱ्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. लोकांनी आपला शब्द मतपेटीतून सांगितला. जुनी बातमी वाचताना म्हणूनच आधी विचारावे : घटना कोणाची, आणि विशेषण कोणाचे? पहिल्याचे उत्तर कात्रणात सापडते. दुसऱ्याचे वाचकाला शोधावे लागते, आणि इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.